एक्स्प्लेनर : श्रीलंकेतून फौज माघारी बोलवायची की नाही? १९८९ मध्ये दिल्लीसमोरचा पेच नेमका काय होता?

झरी (जि. परभणी) : परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा पट्टा. इथल्या गावागावांतून दरवर्षी पोरं सैन्यभरतीला उतरतात. १,६०० मीटर किती वेळात मारायचे, छाती किती फुगली पाहिजे, मेडिकलला कुठे अडकतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. लेखी परीक्षेसाठी जीएस आणि गणिताची गाइडं पाठ केली जातात. एक प्रश्न मात्र कुठल्याच गाइडमध्ये सापडत नाही. देशाच्या सीमेबाहेर लढायला पाठवायचं, हे कोण ठरवतं? आणि परत कधी बोलवायचं, हे कोण ठरवतं?

हा प्रश्न हवेतला नाही. १९८७ ते १९९० या काळात भारतीय फौज जवळपास ३२ महिने श्रीलंकेत होती. तिथे शांतता राखायला गेली आणि लढाईत अडकली. ऐन भरात तिथल्या जवानांची संख्या ७० हजारांच्या पुढे होती. अकराशेहून अधिक जवान परतले नाहीत, तीन हजारांच्या आसपास जखमी झाले. कारगिलमध्ये आपण ५२७ जवान गमावले, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या दुपटीहून मोठा हा आकडा मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही. कारगिलवर सिनेमे निघाले, २६ जुलैला विजय दिवस साजरा होतो. श्रीलंकेच्या मोहिमेचं, म्हणजे ‘ऑपरेशन पवन’चं, नाव काढलं तर आजच्या विशीतल्या पोराला बहुधा गुगल करावं लागेल.

आणि ही लढाई आपल्याकडून फार लांबही नव्हती. नकाशावर सरळ रेषेत मोजलं, तर झरीपासून श्रीनगर १,६०० किलोमीटरच्या पुढे आहे. जाफना ११०० किलोमीटरच्या आसपास.

मुळात भारतीय फौज तिथे गेलीच कशी?

श्रीलंकेत बहुसंख्य सिंहली आणि अल्पसंख्य तमिळ यांच्यातला वाद जुना. भाषा, नोकऱ्या, शिक्षण, जमीन अशा सगळ्याच बाबतीत तमिळांची तक्रार होती. जुलै १९८३ मध्ये जाफन्यात १३ सैनिक मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून कोलंबोत व इतरत्र तमिळांची कत्तल झाली. हजारो निर्वासित तमिळनाडूत आले. तमिळ तरुणांच्या सशस्त्र संघटना वाढल्या. त्यातल्या अनेकांना भारताच्याच गुप्तचर यंत्रणेने प्रशिक्षण दिलं होतं. वेलुपिल्लई प्रभाकरनची लिट्टे ही त्यातलीच एक, आणि सगळ्यात कडवी. पुढे भारतीय जवानांवर ज्यांनी गोळ्या झाडल्या, त्यातले काही जण भारतातच बंदूक चालवायला शिकले होते. हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचा गोंधळ समजत नाही.

१९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या लष्कराने जाफना द्वीपकल्पाची नाकेबंदी केली. ४ जूनला भारताच्या पाच एएन-३२ विमानांनी, सोबत मिराज २००० घेऊन, जाफन्यावर मदत सामग्री टाकली. कोलंबोला इशारा पुरेसा होता. २९ जुलैला पंतप्रधान राजीव गांधी आणि अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. तमिळबहुल उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र करायचे, तिथे निवडून आलेली प्रांतिक परिषद आणायची, बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि श्रीलंकेचं सैन्य बराकीत परतायचं, असा तो सौदा होता.

या करारात एक शब्द फार महत्त्वाचा आहे. गरज पडल्यास श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय शांतिसेनेला ‘निमंत्रित’ करू शकतील, असं त्यात होतं. म्हणजे फौज पाहुणी म्हणून जाणार होती. परत कधी जायचं याची तारीख किंवा अट मात्र कुठेही नव्हती. सॉफ्टवेअरमधला साधा अपडेट सोडायचा तरी आधी रोलबॅकचा प्लॅन लिहून ठेवतात. इथे हजारो माणसं समुद्रापार निघाली होती आणि परतीचा कागद कोरा होता.

करार लोकांना किती रुचला होता, याची झलक दुसऱ्याच दिवशी दिसली. ३० जुलैला कोलंबोत मानवंदना स्वीकारताना श्रीलंकेच्या नौदलातल्या एका सैनिकाने राजीव गांधींवर रायफलचा दस्ता उगारून वार केला. ते थोडक्यात बचावले.

शांतिसेना लढाईत कशी ओढली गेली?

सुरुवातीला जाफन्यातल्या तमिळांनी भारतीय जवानांचं हार घालून स्वागत केलं. फौजेलाही हे काम काही आठवड्यांचं वाटत होतं. लिट्टेने थोडी शस्त्रं जमा केली, बाकीची ठेवून घेतली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेच्या १७ जणांना बोटीतून पकडलं. त्यांना कोलंबोला नेण्याचा प्रयत्न होताच त्यांनी सायनाइड घेतलं. १२ जण मेले. लिट्टेने शस्त्रसंधी मोडल्याचं जाहीर केलं आणि हत्याकांड सुरू केलं. १० ऑक्टोबरच्या सुमारास भारतीय फौजेला जाफना ताब्यात घेण्याचा हुकूम मिळाला. शांतिसेनेचं काम महिन्या-दोन महिन्यांत पूर्ण उलटं झालं होतं.

ही लढाई किती अर्धवट तयारीने सुरू झाली, हे जाफना विद्यापीठावरच्या कारवाईतून कळतं. लिट्टेचं नेतृत्व तिथे बैठकीला जमणार, अशी खबर होती. रात्री हेलिकॉप्टरने कमांडो आणि १३ सिख लाइट इन्फंट्रीचे जवान उतरवायचे, असं ठरलं. लिट्टेने भारतीय रेडिओवरचं बोलणं आधीच ऐकलं होतं आणि ते दबा धरून बसले होते. हेलिकॉप्टरवर इतका मारा झाला, की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. सिख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान तेवढे उतरले आणि वेढले गेले. २९ मारले गेले, एक जिवंत पकडला गेला.

हातातल्या शस्त्रांचाही प्रश्न होता. आपल्या जवानांकडे लांब, जड एसएलआर रायफल होती. समोरच्या पोरांकडे एके-४७. रस्त्यात पुरलेले सुरुंग, लुंगीतला माणूस नागरिक आहे की लढवय्या हे न ओळखता येणं, आणि भाषेची भिंत. मराठी, पंजाबी किंवा गढवाली बोलणाऱ्या जवानाने नाक्यावर तमिळ माणसाला थांबवलं, तर दोघांनाही एकमेकांचं काही कळायचं नाही.

महाराष्ट्राचा या मोहिमेशी संबंध जवळचा आहे. लष्करप्रमुख जनरल कृष्णस्वामी सुंदरजी मूळचे महार रेजिमेंटचे. ही रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली. तिची ८ वी पलटण श्रीलंकेत सुरुवातीलाच उतरली होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही तिथे होते. या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र ८ महारच्या मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना मिळालं. त्यांचा जन्म मुंबईतला, शिक्षणही तिथलंच. २५ नोव्हेंबर १९८७ ला शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात लावून हल्ला झाला. परमेश्वरन यांनी हल्लेखोरांना मागून गाठलं. समोरासमोरच्या झटापटीत छातीत गोळी लागली, तरी त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं. तिथेच ते शहीद झाले. वय ४१.

हे युद्ध कुणालाच का नको होतं?

जाफना शहर दोन-तीन आठवड्यांत हातात आलं, पण लिट्टे जंगलात गेली आणि लढाई लांबत राहिली. दरम्यान शांतिसेनेने बहुतेक सगळ्यांनाच दुखावलं होतं.

सिंहलींना वाटत होतं, भारताने आपल्या देशात फौज घुसवली. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या संघटनेने याच रागावर स्वार होऊन सरकारविरुद्ध रक्तरंजित बंड केलं. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी फौज गेली होती, त्यांच्या घरांवर आता तोफगोळे पडत होते. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ ला जाफन्याच्या रुग्णालयात ६० हून अधिक रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी मारले गेले. फौजेचं म्हणणं होतं, की आतून गोळीबार झाला आणि चकमकीत हे घडलं. वाचलेल्यांनी वेगळं सांगितलं : निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टिथुराईत जवानांवर हल्ला झाल्यानंतर ६० च्या आसपास नागरिक मारले गेल्याचा आरोप झाला. मानवी हक्क संघटनांनी दोन्ही घटनांची नोंद केली आहे. जवानांच्या शौर्याबद्दल लिहिताना हे पान गाळलं, तर लोक शांतिसेनेवर का उलटले हे कळणारच नाही. इंग्रजी आद्याक्षरं आयपीकेएफ. जाफन्यात लोक त्याचा अर्थ ‘इनोसंट पीपल किलिंग फोर्स’ असा सांगू लागले होते.

तमिळनाडूत रोष होताच. जानेवारी १९८९ मध्ये तिथे एम. करुणानिधी सत्तेवर आले. त्यांचा या मोहिमेला उघड विरोध होता. दिल्लीत विरोधी पक्ष प्रश्न विचारत होते. आणि खुद्द जवान? शत्रू कोण, जिंकलं असं कधी म्हणायचं, याचं उत्तर त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. पाकिस्तानशी लढताना सीमारेषा माहीत असते. इथे तसं काही नव्हतं.

१ जून १९८९ : ‘चालते व्हा’

डिसेंबर १९८८ मध्ये रणसिंघे प्रेमदासा श्रीलंकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. भारतीय फौज घालवणार, हे त्यांनी निवडणुकीत सांगितलेलं होतं. १९८९ च्या वसंतात त्यांनी थेट लिट्टेशीच बोलणी सुरू केली. ज्यांच्याशी भारतीय जवान जंगलात लढत होते, त्यांचे नेते कोलंबोच्या हॉटेलात सरकारी पाहुणे म्हणून उतरले होते. मग १ जून १९८९ ला प्रेमदासांनी जाहीर केलं : २९ जुलैपर्यंत, म्हणजे कराराच्या दुसऱ्या वर्धापनदिनापर्यंत, शेवटचा भारतीय जवान गेला पाहिजे.

इथून पुढचे साडेतीन महिने या प्रकरणाचा खरा गाभा आहेत. राजीव गांधींनी मुदत नाकारली. हट्टापायी नाकारली, असं म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या बाजूलाही वजनदार कारणं होती.

पहिलं म्हणजे, करार दोन देशांचा होता. तमिळांना अधिकार देण्याचं वचन श्रीलंकेने त्यात दिलं होतं. राज्यघटनेत १३ वी दुरुस्ती झाली, नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतिक परिषदेची निवडणूक झाली, ईपीआरएलएफ या पक्षाचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. पण पोलीस, जमीन, पैसा यांतलं फारसं काही परिषदेच्या हातात आलेलं नव्हतं. फौज निघाली की कोलंबोला हे अधिकार द्यायची गरज काय उरणार होती?

दुसरं कारण जास्त बोचरं. भारतावर विश्वास ठेवून काही तमिळ लोक लिट्टेच्या विरोधात उघड उभे राहिले होते. पेरुमल आणि त्यांचा पक्ष हे त्यातले. फौज निघून गेली की लिट्टे त्यांचं काय करणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्यांना तसंच सोडून यायचं का?

शिवाय त्रिंकोमालीचं बंदर भारतविरोधी शक्तीच्या हातात पडू नये, ही दिल्लीची जुनी चिंता होतीच. आणि एक कारण, जे कागदावर कुणी लिहीत नाही पण प्रत्येक लांबलेल्या युद्धात असतं : एवढी पोरं गेली, आता तसंच परत यायचं?

मराठवाड्यात हा युक्तिवाद समजावून सांगायची गरज नाही. बोअर तीनशे फुटांवर कोरडी निघते. गाडीवाला म्हणतो, एवढं खणलंय तर आणखी पन्नास फूट घेऊ. पन्नासाचे शंभर होतात. आधी गेलेले पैसे परत येत नाहीत, आणि खाली पाणी आहे की नाही याचा त्या पैशांशी काही संबंध नसतो. गेलेल्या जवानांचा मान राखायचा म्हणून आणखी जवान पाठवणं हा हिशेबही तसाच.

परतण्याच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा अगदी सरळ होता. निमंत्रणावरून गेलेली फौज, निमंत्रण देणाऱ्याने ‘जा’ म्हटल्यावर कुठल्या अधिकाराने थांबणार? थांबली, तर ती शांतिसेना उरत नाही. ती दुसऱ्या देशात बळाने बसलेली फौज होते. आणि त्या उन्हाळ्यात परिस्थिती अशी विचित्र होती, की कोलंबोचं सरकार आणि लिट्टे हे एकमेकांचे वैरी एकाच मागणीवर एकत्र आले होते. प्रेमदासा सरकारने भारतीय फौजेविरुद्ध वापरायला लिट्टेला शस्त्रं पुरवली, हे पुढे उघड झालं. ज्या दोन बाजूंमध्ये शांतता राखायला आपण गेलो, त्या दोन्ही बाजू आपल्याविरुद्ध उभ्या. मग तिथे राखायचं काय?

लष्करी अंगानेही उत्तर नव्हतं. लिट्टेला फौजेने जंगलात रेटलं होतं, पण संपवलं नव्हतं. संपवायचं तर आणखी काही वर्षं आणि आणखी फौज लागली असती. तिच्या बदल्यात काय मिळणार, हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी मधला मार्ग निघाला. २९ जुलैला प्रतीकात्मक म्हणून काहीशे जवान परतले, म्हणजे प्रेमदासांची तारीखही राहिली आणि दिल्लीचा शब्दही. १८ सप्टेंबर १९८९ ला दोन्ही सरकारांमध्ये समझोता झाला. २० सप्टेंबरपासून आक्रमक कारवाया थांबवायच्या आणि ३१ डिसेंबरपर्यंत माघार पूर्ण करण्याचा प्रयत्न करायचा. नोव्हेंबरमध्ये लोकसभा निवडणुकीत काँग्रेसची सत्ता गेली. २ डिसेंबरला विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले आणि उरलासुरला प्रश्नही मिटला. ३१ मार्च १९९० ही अंतिम मुदत ठरली. शेवटची तुकडी त्याच्या आठवडाभर आधी, २४ मार्चला, त्रिंकोमालीहून जहाजात चढली.

मद्रासच्या बंदरावर स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळांवर गोळ्या झाडणाऱ्या फौजेचं स्वागत आपण करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. जवान मात्र हुकमावर गेले होते आणि हुकमावरच परतले होते. राग धोरणावर काढायचा की ते पाळणाऱ्यावर, हा फरक त्या दिवशी पुसला गेला. नापसंत युद्धातून परतलेल्या सैनिकाच्या वाट्याला जगभर हेच आलेलं दिसतं. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनाही ते चुकलं नव्हतं.

माघारीनंतर काय झालं?

ज्याची भीती होती, तेच झालं. निघण्याआधी घाईघाईने ‘तमिळ नॅशनल आर्मी’ नावाचं दल उभं करण्यात आलं होतं. त्यात बरीच कोवळी पोरं घरातून, रस्त्यावरून जबरदस्तीने उचलून भरलेली होती. फौज जसजशी मागे सरकली, तसतसं लिट्टेने हे दल चिरडलं. वरदराज पेरुमल यांनी मार्च १९९० मध्ये स्वतंत्र ईलमची घोषणा केली आणि भारतात आश्रय घेतला. त्यांच्या पक्षाचे नेते के. पद्मनाभ यांना लिट्टेने १९ जून १९९० ला मद्रासमध्ये सहकाऱ्यांसह ठार केलं.

प्रेमदासा आणि लिट्टे यांची मैत्री तीन महिनेही टिकली नाही. जून १९९० मध्ये लिट्टेने पूर्व प्रांतात शरण आलेल्या शेकडो पोलिसांना गोळ्या घातल्या आणि युद्ध पुन्हा पेटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तरेतल्या हजारो मुस्लिमांना लिट्टेने घरं सोडायला लावली. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूर इथे राजीव गांधींची हत्या झाली. १ मे १९९३ ला कोलंबोत प्रेमदासाही आत्मघाती हल्ल्यात मारले गेले. युद्ध संपायला मे २००९ उजाडावा लागला.

मग माघार चुकली, असं म्हणायचं का? तसं म्हणता येत नाही. फौज आणखी दोन वर्षं राहिली असती, तरी निघायच्या दिवशी हेच तीन प्रश्न समोर असते : अधिकार मिळाले नाहीत, सोबत्यांना धोका आहे, लिट्टे संपलेली नाही. परतणं बरोबर होतं. चूक त्याच्या आधीची होती, फौज पाठवताना परतीची अट न ठरवण्याची. आणि दुसरी चूक सोबत्यांबाबतची. भारतासाठी उभ्या राहिलेल्या माणसांना बाहेर काढायची योजना हा माघारीचाच भाग असायला हवा होता. नेत्यांना विमान, जहाज मिळालं. सक्तीने गणवेश चढवलेल्या पोरांना ते मिळालं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर अमेरिकी विमानामागे धावणारी गर्दी सगळ्या जगाने मोबाइलवर पाहिली. १९९० मध्ये पूर्व श्रीलंकेत कॅमेरे नव्हते, एवढाच फरक.

फौज पाठवायला संसदेची परवानगी लागते का?

थोडक्यात उत्तर : नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ नुसार तिन्ही दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. ‘युद्ध आणि शांतता’ हा विषय केंद्र सूचीत आहे. म्हणजे संसद याबाबत कायदा करू शकते. मात्र परदेशात फौज पाठवण्याआधी संसदेत मतदान घेतलंच पाहिजे, असा कायदा तिने केलेला नाही. १९८७ मध्ये करार झाल्यावर संसदेत निवेदन झालं, पुढे चर्चाही झाल्या. पण खासदारांनी मतदान करून फौज पाठवली, असं घडलं नाही. परत बोलावण्यासाठीही तसं मतदान झालं नाही.

इतरत्र काय चालतं? जर्मनीत सशस्त्र फौज परदेशात पाठवायला संसदेची मंजुरी सक्तीची आहे. घटनापीठाने १९९४ मध्ये तसा निकाल दिला आणि २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अध्यक्षांना ४८ तासांत काँग्रेसला कळवावं लागतं आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत फौज मागे घ्यावी लागते. हा कायदा व्हिएतनामच्या अनुभवातून आला. अध्यक्षांनी त्यातून पळवाटा काढल्या, हेही तितकंच खरं. तरीही ६० दिवसांनी कुणीतरी हात वर करून विचारू शकतं, की अजून किती दिवस? आपल्याकडे हा प्रश्न विचारायची ठरलेली वेळच नाही.

गुप्तता आणि वेग यांचं कारण दिलं जातं. ते अगदीच पोकळ नाही. सीमेवर हल्ला झाला तर संसद बोलवत बसता येत नाही. पण श्रीलंकेची मोहीम ३२ महिने चालली. एवढ्या काळात ‘उद्दिष्ट काय आणि परतायचं कधी’ यावर एकदाही मतदान घ्यायला वेळ मिळाला नाही, असं म्हणता येणार नाही.

पुढे भारताने काय केलं?

श्रीलंकेचा चटका दिल्ली विसरली नाही. २००३ मध्ये अमेरिकेने इराकमध्ये भारताची फौज मागितली. सरकारमध्येही दोन मतं होती. एप्रिलमध्ये लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याविरोधात ठराव केला होता. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी विरोधी पक्षांशी बोलणी केली आणि १४ जुलै २००३ ला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने नकार कळवला : संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल, तर फौज नाही. आपले जवान तेव्हा इराकला गेले असते, तर पुढच्या काही वर्षांत तिथे जे घडलं त्यात ते अडकलेच असते. आज भारतीय जवान आफ्रिकेत आणि इतरत्र संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत काम करतात. त्या मोहिमांना सुरक्षा परिषद मुदत ठरवून देते आणि ती संपली की नव्याने ठराव लागतो. श्रीलंकेत नेमकं हेच नव्हतं.

यजमानाने ‘जा’ म्हणण्याचा प्रसंग अलीकडे पुन्हा आला, फार लहान प्रमाणावर. मालदीवमध्ये अध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू यांनी भारतीय जवानांना परत जायला सांगितलं. शंभराहूनही कमी जण होते, हेलिकॉप्टर आणि डॉर्नियर विमान चालवायला गेलेले. सोशल मीडियावर ‘बॉयकॉट मालदीव’चा धुरळा उडाला, पण सरकारने शांतपणे चर्चा केली. १० मे २०२४ च्या मुदतीत जवान परत आले आणि त्यांची जागा नागरी तंत्रज्ञांनी घेतली. काम सुरू राहिलं, संबंध तुटले नाहीत. १९८९ च्या उन्हाळ्यातली ताणाताणी आठवली की हा फरक डोळ्यांत भरतो.

त्या जवानांची आठवण कुठे आहे?

शांतिसेनेचं मोठं स्मारक भारतात नव्हे, श्रीलंकेत उभं राहिलं. कोलंबोला लागून असलेल्या श्रीजयवर्धनेपुरा कोट्टे इथे, संसदेजवळ, श्रीलंकेने ते बांधलं. ज्या देशाने ‘चालते व्हा’ म्हटलं, त्यानेच आपल्या जवानांची नावं काळ्या दगडात कोरली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मार्च २०१५ आणि एप्रिल २०२५ च्या दौऱ्यांत तिथे पुष्पचक्र वाहिलं.

दिल्लीत इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, तेव्हा ऑपरेशन पवनमधल्या शहिदांची नावं तिथल्या भिंतींवर आली. माघारीला तोवर २९ वर्षं होत आली होती. स्मारकाच्या आवारातच परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत, त्यात मेजर परमेश्वरन यांचाही आहे. जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली गेली. त्यातलं एक बेट आता त्यांच्या नावाने ओळखलं जातं. ज्या १३ व्या दुरुस्तीसाठी ही सगळी फौज गेली होती, ती श्रीलंकेच्या राज्यघटनेत अजून आहे. तीत कबूल केलेले पोलीस आणि जमिनीचे अधिकार तमिळ प्रांतांना अजूनही पूर्ण मिळालेले नाहीत.